अंतरपाटाआडचा विमा

किसनबुवा, मृदंग जरा मांडीवर निजू द्या. नामस्मरण झालं, अभंग झाला, आता गोष्टीची वेळ! आणि मागं पंख्याखाली कोण घोरतंय? नका उठवू, नका उठवू! देवाच्या दारात ज्याला झोप लागते त्याचं रक्त तपासायची गरज नाही. आपल्याला जाग्या माणसांचं बघायचंय!

तर मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न. तुमच्यावर खरी माया कुणाची? तुमचं सगळं झाकून घेतो त्याची — की चार लोकांत उघडं करतो त्याची?

बघा! पुढच्या मावशी लगेच म्हणाल्या, झाकून घेतो त्याची. मावशी, घरी बरंच झाकलेलं दिसतंय! थांबा, घाई नको. उत्तर तुम्ही देऊ नका, गोष्ट देईल. आणि गोष्ट पुराणातली नाही बरं का. गोष्ट आहे आरोग्य विम्याची!

हसा, हसा! म्हणाल, बुवांना आता वय झालं, कीर्तनात विमा आणला. अहो, छातीतली कळ कीर्तनात येऊ शकते, मग विम्यानं काय घोडं मारलंय?

एक गाव होतं. नाव सांगत नाही, कारण त्या गावचे पाव्हणे आज इथं बसलेत, त्या खांबाला टेकून. काय पाव्हणं, सांगू का नाव? नको म्हणतायत. बरं, राहिलं.

त्या गावात सोपाननाना गुळवे. धंदा काय? सोयरिकी जुळवणं! पंचक्रोशीत जिथं जिथं पाळणा हललाय, तिथं दोरीला पहिला हात नानांचा. आणि नानांचं कसब कशात? झाकण्यात! मुलगा तोतरा असला की नाना म्हणणार, "मुलगा मितभाषी आहे." बारावीला चार वेळा बसलेला असला की, "मुलगा पाया पक्का करतोय." डोक्यावर एक केस नसला की, "मुलाचं डोकं एकदम थंड!" — काय चुकीचं बोलले हो? थंडच असणार ना!

आणि फारच अडलं, तर नानांकडं शेवटचा डाव. दाखवायला धाकटा, बोहल्यावर थोरला! अंतरपाट खाली येईस्तोवर कुणाला पत्ता नाही. आणि अंतरपाट खाली आला की काय? अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आता बोलून उपयोग काय? पंगती बसल्या! नानांचं म्हणणं, "जगात जे काही जमलंय ते अंतरपाटाच्या जिवावर जमलंय."

आता ह्या नानांना होती साखर. आडनाव गुळवे, आणि गूळ सगळा रक्तात! दहा वर्षं झाली. कुणाला ठाऊक? एकट्या सुंदराकाकूला, म्हणजे नानांच्या बायकोला. काकू नानांना फिका चहा द्यायची आणि पाव्हण्यांना सांगायची, "ह्यांना गोडाची आवडच नाही बाई." लग्नाच्या पंगतीत नानांच्या पानावरची जिलबी गुपचूप आपल्या पानात ओढायची. लोक म्हणायचे, काकू किती खादाड! ऐकून घ्यायची बिचारी.

त्या वर्षी काय झालं, मारुतीच्या पायऱ्या चढताना नानांच्या छातीत कळ आली. घाम फुटला. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, "नाना, हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या तुंबल्यासारख्या वाटतायत. मोठी तपासणी करा, कदाचित जाळी बसवावी लागेल. उशीर करू नका." नाना घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "आधी विमा काढू, मग दुखू."

आहे की नाही हुशारी? दुखण्याला सांगितलं, बस जरा ओट्यावर, तुझी पत्रिका बघून घेतो!

विमा कोण काढणार? गावची सून वैजयंता तोडकर, विमा सल्लागार. नाना तिला म्हणाले, "उद्या चारला ये. पोहे करतो. चांगली चार स्थळं घेऊन ये!" वैजयंता आली. बघते तर काय — ओटी सारवलेली, नानांनी नवी पैरण घातलेली, पाटावर तबक, तबकात हळदकुंकू. तिनं योजनांची माहितीपत्रकं काढली, तर नानांनी एकेकाला कुंकू लावून ओळीनं पाटावर बसवलं!

"हं. घराण्यापासून सुरुवात कर," नाना म्हणाले.

वैजयंता म्हणाली, "नाना, पहिली ही सरकारी योजना. कार्ड काढायचं. ठरलेले आजार, ठरलेले दवाखाने. हृदयाचं पण त्यात बसतं. तुम्हाला काही भरावं लागत नाही."

"देणंघेणं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग नक्की काहीतरी खोट असणार! फुकटातलं स्थळ सोपान गुळव्याच्या घरात? लोक शेण घालतील तोंडात! उचल ते."

उचललं. पण काकूनं काय केलं? वैजयंता निघाली तेव्हा दारात तिला गाठलं आणि हळूच म्हणाली, "तेवढं कार्ड मात्र काढून दे गं माझ्या आई." कार्ड आलं, ते गेलं पिठाच्या डब्यामागं. लक्षात ठेवा हे! नाहीतर शेवटी मला विचाराल, बुवा, कार्ड कुठून आलं.

दुसरं स्थळ. "ही एकट्याची योजना. तुमची रक्कम तुम्हाला, काकूंची काकूंना."

"म्हणजे घरात दोन चुली! नको."

तिसरं. "ही सगळ्या कुटुंबाची. घराला मिळून एकच रक्कम, ज्याला लागेल त्यानं वापरायची. पण नाना, नीट ऐका. तुमच्याच आजारपणात सगळी संपली, तर त्या वर्षी काकूंना काही उरत नाही. आणि हप्ता ठरतो घरातल्या थोरल्या माणसाच्या वयावर."

नाना पुढचं ऐकतायत कुठं? "एकत्र कुटुंब! संस्कारी घर दिसतंय! बाजूला ठेव."

चौथं. "ही मोठ्या आजारांची. यादीतला गंभीर आजार निघाला की एकरकमी पैसे हातात. पण ताप, खोकला, मोडलेला हात — ह्यांच्याकडं ढुंकून बघत नाही."

"मुंबईचा मामा! लग्नात मिरवायला पुढं, उष्टी काढायला नाही. नको."

"मग ही वरची योजना. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, त्याच्यावर गेला तर तिथून पुढं कंपनीचा."

"मांडव आम्ही घालायचा आणि शोभेची दारू हे उडवणार? वा रे वा!"

वैजयंता शहाणी पोर हो. ती म्हणाली, "नाना, रंगरूप बघून नका ठरवू. कुठल्या दवाखान्यात पैसे आधी न भरता चालतं ते बघा. खोलीचं भाडं किती देतात ते बघा. काय देत नाहीत ते तर सगळ्यात आधी बघा."

तोवर काकू चहा घेऊन आली आणि पटकन बोलून गेली, "अगं, पण ह्यांना जे आहे त्याला ह्यातलं कुठलं चालेल?"

नानांनी असे डोळे वटारले! "काय आहे मला? काय आहे?"

वैजयंतानं विचारलं, "नाना, आधीचा काही आजार आहे का? साखर, रक्तदाब, छातीत दुखणं? असलं तर सांगा हो. हप्ता वाढेल, त्या आजारासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, पण बहुतेक ठिकाणी दार बंद होत नाही. लपवलंत, तर मात्र ऐन वेळेला काही मिळायचं नाही."

आणि मंडळी, इथं नानांच्या अंगात त्यांचा धंदा शिरला. छाती काढली आणि म्हणाले, "मुलगा निरोगी आहे. निर्व्यसनी आहे. आजवर शिंकलेला नाही!"

मुलगा! वय अठ्ठावन्न, आणि मुलगा!

काकू आत गेली. चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली, "देवा, हा माणूस स्वतःचंच लग्न लावायला निघालाय."

ठरलं एकदाचं एकत्र कुटुंब! पण कंपनीनं सांगितलं, रक्ताची, छातीची तपासणी लागेल. आली का पंचाईत? कुणाला? नानांना नाही. नानांकडं शेवटचा डाव तयार — दाखवायला धाकटा! नानांचा पुतण्या मल्हारी, तालमीतला पैलवान. सकाळी तांब्याभर दूध पिणार आणि दुपारी विचारणार, न्याहारी कधी?

रक्त न्यायला माणूस घरी आला. ओटीवर मल्हारी बसवलेला. मिशांना तांदळाचं पीठ, डोक्यावर नानांची टोपी — ती डोक्यात बसेना म्हणून वर नुसती ठेवलेली!

"सोपान गुळवे आपणच?"

"व्हय. म्याच."

"वय अठ्ठावन्न?"

"व्यायाम करतो."

त्या माणसानं आधार कार्ड बघितलं, मल्हारीचं तोंड बघितलं. पुन्हा कार्ड, पुन्हा तोंड. "फोटो जुळत नाही हो."

आतून नाना ओरडले, "कुणाचा जुळतोय? तुझा जुळतोय का? काढ तुझं!"

त्यानं आपलं काढून बघितलं, आणि मुकाट्यानं सुई टोचली, छातीला तारा लावल्या, नळीत फुंकायला लावलं. हसता काय? काढा तुमची! आहे का इथं एक तरी माणूस जो आपल्या आधार कार्डासारखा दिसतो? किसनबुवांचा फोटो बघितला तर मृदंग बरा दिसतो!

अहवाल आला. साखर झकास! हृदय घोड्याचं! फुप्फुसं अशी की लोहाराचा भाता! विमा मंजूर. नाना खूश, पेढे वाटले. पण गोष्ट इथं संपली असती तर मी इतका वेळ घसा कशाला फोडला असता?

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी तो अहवाल बघितला. साहेब खुर्चीतून उठलेच! "अठ्ठावन्नाव्या वर्षी हे शरीर? अख्ख्या जिल्ह्याला दाखवलं पाहिजे!" आणि ठरला सत्कार. मारुतीच्या पटांगणात मांडव, नानांचा फोटो लावलेला एवढा मोठा फलक, खाली अक्षरं — निरोगी ज्येष्ठ! सत्कारानंतर कार्यक्रम काय? सोपाननाना सर्वांसमोर जोर काढून दाखवतील!

आता बोला!

काकू म्हणाली, "अहो, जाऊन सांगा खरं. पाया पडते तुमच्या. एक जोर काढलात तर तुम्ही परत उठायचे नाही."

नाना म्हणाले, "काढायचेत कुणाला? अंतरपाट कशासाठी असतो?"

कार्यक्रमाच्या दिवशी गाव लोटलं. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. नानांनी माईक हातात घेतला. "माझा व्यायाम ही माझी साधना आहे. साधनेला दृष्ट लागते. म्हणून मी ती अंतरपाटाआड करीन!" साहेबांनी टाळ्या पिटल्या. "वा! काय संस्कृती आहे!" आणला अंतरपाट. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, चांगला जमिनीपर्यंत लोळणारा. एक टोक मांडवाच्या खांबाला बांधलं, आणि दुसरं? आतलं दिसणार म्हणजे घरचंच माणूस पाहिजे. दुसरं टोक दिलं सुंदराकाकूच्या हातात.

अंतरपाटाच्या अलीकडं गाव. पलीकडं नाना. आणि मंचाखालून, चादर बाजूला सारून, सरपटत कोण वर आला? मल्हारी! मिशांना पीठ लावूनच. कशाला रे बाबा? पडद्याआड कोण बघणार होतं? पण नाही, सांगितलं म्हणजे सांगितलं!

साहेब ओरडले, "करा सुरू!" मल्हारीनं जोर सुरू केले. लोकांना दिसत काही नाही, नुसता श्वास ऐकतायत — हुं! हुं! गाव मोजायला लागलं. एक! दोन! तीन! नाना मागं खुर्चीवर आरामात. वीस झाले. पंचवीस झाले. चाळीस झाले. मल्हारी थांबेना! पैलवानाला सुरू कर म्हणून सांगितलं होतं, थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं!

आणि मंडळी, तिथं — त्या खुर्चीवर — नानांच्या छातीत कळ आली.

खरी कळ. पायऱ्यांवर आली होती त्याच्या दुप्पट. डावा हात जड झाला. घामानं पैरण भिजली. नानांनी मल्हारीला खूण केली, तर त्याचे डोळे मिटलेले. तोंडातून शब्द गेला, "आई गं!"

बाहेर काय झालं? टाळ्या! साहेब म्हणतायत, "ऐका, ऐका! बघा किती मेहनत आहे!"

"मेलो!" नाना म्हणाले.

"वा नाना, वा!" गाव म्हणालं. एक्काहत्तर! बाहत्तर!

काय वेळ आली बघा माणसावर. जीव चाललाय, समोर अख्खं गाव बसलंय, माईक आहे, साहेब आहेत, गाड्या उभ्या आहेत. आणि एकाही माणसाला कळत नाही, कारण कापड मध्ये आहे! कुणी लावलं ते कापड? यमानं? अहो, स्वतः मागून घेतलं, कुंकू काढून!

बघत होती फक्त काकू. हातात टोक, डोळे नवऱ्याकडं. नानांनी तिच्याकडं बघितलं. एक हात छातीवर. आणि दुसऱ्या हातानं काय खूण केली असेल? सांगा! वाचव? डॉक्टर बोलाव? नाही हो! दुसऱ्या हातानं खूण केली — धर! धर, सोडू नको!

त्या माउलीनं हातातल्या टोकाकडं बघितलं. सगळा जन्म हेच धरलं होतं तिनं. फिका चहा धरला, पानावरची जिलबी धरली, खादाड म्हणून घेतलं. अजून थोडं धरलं असतं तर लोक म्हणाले असते, काय पतिव्रता! मावशी, तुम्ही काय केलं असतं?

काकूनं सोडलं!

भस्सकन अंतरपाट खाली आला. आणि गावानं काय बघितलं? पिठाच्या मिशांचा पैलवान पंच्याण्णवाव्या जोरात, आणि मागं खुर्चीवर छाती धरून पांढरेफटक पडलेले निरोगी ज्येष्ठ! साहेबांच्या हातातला पेढा खाली पडला. आणि काकू, जी आयुष्यात चार माणसांत मोठ्यानं बोलली नव्हती, ती माईक ओढून ओरडली, "ह्यांना साखर आहे! दहा वर्षं आहे! छातीत दुखतंय ह्यांच्या! काय बघताय? गाडी काढा मुडद्यांनो!"

मल्हारीनं तसंच उचललं चुलत्याला. पहिल्यांदा त्या पोराच्या ताकदीचा खरा उपयोग झाला बघा. वैजयंता पुढं बसली. काकू म्हणाली, "घरावरनं घ्या," आणि पळत जाऊन पिठाच्या डब्यामागचं कार्ड घेऊन आली. पांढरं झालं होतं पिठानं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाबा, कुठं दुखतंय?"

नानांनी सवयीनं आधी इकडंतिकडं बघितलं, कोण ऐकतंय का. मग काकूकडं बघितलं. आणि बोट ठेवलं. "इथं."

"साखर?"

"आहे."

"कधीपासून?"

"लई दिवसांची. झाकलीय मी." आणि नाना रडायला लागले. जोरात, लहान पोरागत. काकू पण रडली, आणि कोपऱ्यात मल्हारी दोघांपेक्षा मोठ्यानं, पिठाचा चिखल झाला मिशांवर!

जाळी बसली. नाना वाचले. कुणामुळं? ज्या स्थळाला पाटावरनं उठवलं होतं, ते सरकारी कार्ड उपयोगी आलं. आणि तो झकास अहवालावरचा विमा? कंपनीनं रद्द केला. वैजयंता म्हणाली, "नाना, विमा निघाला होता. पण मल्हारीच्या रक्ताचा, तुमच्या नावाचा. त्यात ना तुम्ही होतात, ना मल्हारी." मल्हारी घाबरून म्हणाला, "वैनी, मग मी आता आहे का नाही?"

घरी आल्यावर नानांनी वैजयंताला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी पाट नाही, कुंकू नाही. म्हणाले, "लिहून घे बाई. साखर. छातीत जाळी. रात्री दोनदा उठतो. गुडघा धरतो. गोड चोरून खातो. आता ह्या माणसाला कोण पत्करतंय बघ. आणि काकूसाठी वेगळं घे, माझ्या दुखण्यात तिचं जायला नको." दोन कंपन्या नाही म्हणाल्या. तिसरी हो म्हणाली. हप्ता जास्त, आणि जुन्या आजारांना तीन वर्षं थांबा. नाना म्हणाले, "थांबतो की. साखरपुडा झाला म्हणायचा!"

आणि काकू काय म्हणाली? ती म्हणाली, "लग्नात अंतरपाट पडला तेव्हा ह्यांचं तोंड पहिल्यांदा बघितलं. परवा पडला तेव्हा दुसऱ्यांदा."

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. का, खाली का बघता? तुम्ही रोज ह्या मारुतीपुढं उभे राहता, हात जोडता. पण उभा कोण असतो हो? तुम्ही — का तुमचा मल्हारी? चांगला धुतलेला, पीठ लावलेला, देवाला दाखवायला आणलेला! आणि खरा माणूस मागं खुर्चीवर छाती धरून बसलेला. मग देव तरी औषध कुणाला देणार? ज्याला काही झालंच नाही त्याला? देवाला सांगा, इथं दुखतंय. डॉक्टरला सांगा, विमावाल्याला सांगा, आणि सगळ्यात आधी घरच्या माणसाला सांगा. आणि घरच्या माणसांनो, ज्या दिवशी त्याचा जीव आणि त्याची अब्रू एकाच कापडाला टांगलेली दिसेल, त्या दिवशी सोडा ते कापड! तो चिडेल. चिडायला जिवंत तर राहील!

मावशी, आता सांगा. माया कुणाची जास्त? … डोळे पुसा आधी, मग सांगा.

बरं, आता शिऱ्याचा प्रसाद आहे. साजूक तुपातला, भरपूर साखरेचा. पण आज वाटण्याआधी एक करायचं. ज्यांना ज्यांना साखर आहे त्यांनी हात वर करायचा. त्यांच्यासाठी फुटाणे वेगळे काढलेत.

करा वर!

एवढं मोठं गाव आणि एक हात नाही? सगळ्यांना गोडाची आवडच नाही का बाई?

हां… आला. आला एक हात, खांबापाशी! सोपाननाना, मला खात्री होती, पहिला तुमचाच येणार. काकू, त्यांचा हात धरून वर करू नका हो, सोडा, ते स्वतः करतायत!

बघा, तिकडं दुसरा आला. मागं तिसरा. पंख्याखालचे पण उठले की! किसनबुवा? तुम्ही पण? एक हात वर आणि मृदंग एका हातानं कसा वाजवणार? असू द्या, चुकू द्या ताल. हात खाली कुणी घ्यायचे नाहीत. तसेच वर ठेवून, मोठ्यानं, ज्याच्यापासून काही लपत नाही त्याचं नाव घ्या — राम कृष्ण हरी!